वेल्डाचं अंगण

६ जुलै

पोचलो एकदाचे. सिडर वॉश. युटाच्या दक्षिण कोपऱ्यात, नेवाडाच्या हद्दीला टेकलेलं गाव. एक मोठा रस्ता, एक शाळा, एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि आता एक डॉक्टर, म्हणजे मी. माझ्या व्हिसाची अटच आहे की जिथे डॉक्टर टिकत नाही अशा ठिकाणी तीन वर्षं काढायची, मग पुढचं पुढे. ॲन आर्बरला रेसिडेन्सीतल्या मित्रमंडळींनी निरोप देताना मी काळ्या पाण्यावर निघालेय असे चेहरे केले होते. मला मात्र गाव आवडलं. लाल डोंगर, अडवायला काही नसलेलं आभाळ आणि कोरडं खणखणीत ऊन. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या बाईला उन्हाची भीती कुणी घालू नये.

घर दिसल्यावर आन्याने गाडीतूनच टाळ्या पिटल्या. पांढरं लाकडी घर, पुढे सिमेंटच्या पायऱ्या, अंगणात जर्दाळूचं झाड आणि झाडाला टांगलेला टायरचा झोका. सहा वर्षं अपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये खेळलेल्या पोरीला अंगण म्हणजे राज्यच मिळालं. देवांग आम्हाला सोडायला आलाय, दिवसभर बॉक्स उचलून कंबर धरून बसलाय. परवा हा नवरा माझा रेडमंडच्या नोकरीवर परत जाईल, त्याच्या पावसात आणि त्याच्या कोडमध्ये. दर दुसऱ्या वीकेंडला येईन म्हणतो. बघू.

घरमालकीण अर्डिस समोरच राहते, नवरा डेलमरबरोबर. ऐंशीला आलेली, ताठ पाठीची, इस्त्रीच्या पांढऱ्या कॉलरची बाई. हे तिच्या आईवडिलांचं घर. नव्या डॉक्टरीणबाईंना लहान मुलगी आहे हे कळल्यावर तिने स्वतः क्लिनिकला फोन करून ते देऊ केलं म्हणे. संध्याकाळी जर्दाळूचं सारण भरून भाजलेला गरम 'पाय' घेऊन आली आणि आन्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला मूलबाळ नाही. आन्याला म्हटलं, यांना आजी म्हण. तिने लाजत 'हाय, अर्डिस आजी' म्हटल्यावर बाईंचे डोळे भरून आले.

कुकरची पहिली शिट्टी झाली आणि मला वाटलं, आता घर लागलं.

१० जुलै

क्लिनिक तीन खोल्यांचं आहे. सकाळपासून रांग. माणसं गोड, कमी बोलणारी, डॉक्टरला त्रास देतोय म्हणून माफी मागणारी. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरली. साठीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या गळ्याला आडवी पांढरी शिवण आहे, थायरॉइड काढल्याची. कुणाचा एक स्तन नाही, कुणाचा भाऊ ल्युकेमियाने गेला, कुणाच्या तीन बहिणी. विचारलं की खांदे उडवतात. वारा इकडचा होता, म्हणतात.

मला एवढं माहीत होतं की पन्नासच्या दशकात पलीकडे नेवाडाच्या वाळवंटात अणुबाँबच्या चाचण्या झाल्या. पुस्तकात वाचलेलं. पण त्यांची धूळ वाऱ्याबरोबर इकडे यायची, पोरं तिच्यात खेळायची, गाई ती लागलेलं गवत खायच्या आणि रेडिओ सांगायचा की काळजीचं कारण नाही, हे पुस्तकात इतकं जवळ नव्हतं.

आन्याला शाळा सुरू व्हायला अजून महिना आहे. दिवसभर ती अर्डिसकडे असते. अर्डिसने तिला कुरळ्या केसांची जुनी कापडी बाहुली दिलीय.

१४ जुलै

आज डेलमर तपासायला आला. सत्त्याऐंशी वर्षांचा, उंच, वाकलेला. जबड्याचा एक भाग काढलेला आहे, त्यामुळे शब्द ओले होऊन येतात. फुप्फुसं वाईट. मी स्टेथोस्कोप काढला तसा तो आपणहून बोलू लागला. माझ्याआधीच्या कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं म्हणाला.

सत्तावन्न साली तो एकोणीस वर्षांचा सैनिक होता. ह्या गावचा नव्हे, नेब्रास्काचा. त्यांना वाळवंटात नेऊन खंदकात गुडघ्यांवर बसवलं आणि डोळे मिटून वर हात धरायला सांगितलं. बाँब फुटला तेव्हा मिटलेल्या पापण्यांतून त्याला स्वतःच्या हाताची हाडं दिसली, लाल मांसातली काळी हाडं, एकेक सांधा. मग मानेवर कुणी इस्त्री ठेवावी तसा चटका. मग जमीन उठली आणि खंदकाची भिंत अंगावर आली. शेजारी हॅलोरन नावाचा त्याचा दोस्त होता. तो बघायला म्हणून आधीच उभा राहिला होता. डेलमरने त्याला नखांनी उकरून काढला तेव्हा त्याचे डोळे गालांवरून ओघळत होते आणि तो विचारत होता, इतका अंधार का झाला.

उरलेल्यांना स्फोटाच्या दिशेने चालवत नेलं. वाटेत कुंपणात डुकरं होती. कापड किती टिकतं ते बघायला त्यांना लष्करी जॅकेटं शिवून घातली होती. एका अंगाने भाजून मांस झालेली, दुसऱ्या अंगाने जिवंत. त्यांचं ओरडणं माणसांसारखं होतं. परत आल्यावर अधिकाऱ्यांनी पोरांच्या अंगावरची धूळ घरातल्या केरसुणीने झटकली आणि सांगितलं, ह्याबद्दल आयुष्यात कुणाशी बोलायचं नाही. हॅलोरनला ट्रकमध्ये घातलं. पुढे डेलमरने चौकशी केली तर उत्तर मिळालं, असा कुणी माणूस तुमच्या तुकडीत नव्हता.

पुढे त्याने ह्याच गावातल्या मुलीशी लग्न केलं. त्यांची बाळं जन्माआधीच गेली, एकामागून एक. एकाला, तो म्हणाला, चेहरा नव्हता.

मी त्याचा हात धरून बसले. औषधाचं नाव आठवेना.

१८ जुलै

सकाळी आन्या अंगणातून धावत आली. 'मम्मा, इट्स स्नोइंग!' जुलैत. केसांवर, पापण्यांवर करडी भुकटी. मी बाहेर गेले तर अंगणावर पातळ थर, जर्दाळूची पानं पांढरट. कुठेतरी वणवा पेटला असणार, ह्या दिवसांत पेटतातच. आत ओढून तिला न्हाऊ घातलं.

एक गोष्ट खटकली. समोर अर्डिसच्या अंगणात काही नव्हतं. गवत हिरवंगार.

न्हाताना आन्या म्हणाली की स्नो गरम होता, आणि वेल्डाने शिकवलं तसा तिने जिभेवर झेलला. वेल्डा कोण? झोक्यावरची मुलगी. फ्रॉक घालते, हसते, पण तिचे दात लाल आहेत.

नवीन जागा, एकटं मूल. कल्पनेतली मैत्रीण असणं ह्या वयात स्वाभाविक आहे, मीच पालकांना सांगत असते.

२२ जुलै

कुणाचा विश्वास बसणार नाही. तरी जे झालं ते क्रमाने लिहिते.

जेवणाच्या सुट्टीत क्लिनिकमध्ये फक्त मी आणि रिसेप्शनवरची मुलगी होतो. तपासणीच्या खोलीचं दार उघडलं तर टेबलावर एक तरुण बसलेला. लष्करी कपडे, डोक्यापासून पायापर्यंत करडा. उजवी बाजू ठीक. डावीकडे कान नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन ओले खळगे. त्याने पाणी मागितलं, अगदी अदबीने, मॅम म्हणून.

मी जळितांच्या वॉर्डात काम केलंय. पाय पळत सुटण्याआधी हात कामाला लागतात. मी त्याचं मनगट धरलं आणि कोपरापासूनची कातडी हातमोजा निघावा तशी, नखांसकट, माझ्या हातात आली. तो ओरडला नाही. माफी मागितली. मग म्हणाला, 'सार्जंट म्हणाले, झटकलं की निघून जातं.'

तो ओकला तेव्हा माझ्या कोटावर रक्त आणि आतड्याचे तुकडे पडले. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं. हॅलोरन.

सलाइन घ्यायला मी वळले, परत वळले तर टेबलावर फक्त धूळ होती. बसलेल्या माणसाच्या आकाराची. माझा कोट स्वच्छ. रिसेप्शनवरच्या मुलीने कुणालाही येताना पाहिलं नव्हतं, पण ती नाकाला रुमाल लावून विचारत होती की मांस जळल्याचा वास कुठून येतोय.

देवांगला सांगितलं. तो म्हणाला तू थकलीयस यार, त्या म्हाताऱ्याचं ऐकून डोक्यात गेलंय. तसंच असेल. तसंच असावं.

२७ जुलै

अर्डिसकडे पाठवणं बंद केलं, अंगण बंद केलं, दाराला वर कडी लावली. तरी आज आन्या सकाळी पायऱ्यांवर सापडली, तोंड वर करून, जीभ बाहेर, करड्या भुकटीत बसलेली. मी तिला उचललं तेव्हा झोका हलत होता.

दुपारी तिच्या नाकातून रक्त आलं. थांबेना. केस विंचरताना कंगव्यात केसांचा पुंजका आला आणि त्याच्याबरोबर टाळूची साल. ती रडली नाही. म्हणाली, वेल्डाचे पण असेच गेले.

क्लिनिकच्या मशीनवर तिचं रक्त मी स्वतः लावलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत. पुन्हा लावलं. तेच.

देवांग मिळेल त्या फ्लाइटने निघालाय. आम्ही लास व्हेगासला जातोय.

१ ऑगस्ट

हॉस्पिटल. आन्या काचेपलीकडे, वेगळ्या खोलीत. तोंडभर फोड, पाणी गिळतानाही कळवळते. तिच्या हाडांतलं मॅरो करपलंय, असं इथली डॉक्टर म्हणाली, मग शब्द बदलून दबलंय म्हणाली. मूल कुठल्या किरणोत्सर्गाजवळ गेलं होतं का, असं तिने मला परत परत विचारलं. मोजयंत्रं फिरवली. अंगावर काही नाही, कपड्यांवर काही नाही, घरातही काही सापडलं नाही.

पण रोज सकाळी आन्याच्या उशीवर करडी धूळ असते. नर्स रोज चादर बदलते.

आज मी आन्याला समजावत होते की आता आपण त्या घरापासून लांब आहोत. तिने हळूच सांगितलं, 'शी केम इन द कार विथ अस.' मागच्या सीटवर, तिच्या शेजारी. सीटबेल्ट पण लावला होता.

३ ऑगस्ट

देवांगला आन्याजवळ ठेवून एकटी परत आले. अर्डिसला विचारायलाच.

ती अंगणाकडे तोंड करून खिडकीत बसली होती. वेल्डा कोण, म्हटल्यावर तिने नाकारलं नाही. वेल्डा तिची धाकटी बहीण. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात अर्डिस अकरा वर्षांची होती, वेल्डा सहा. ढग आला, अंगणात बर्फ पडला, वेल्डा त्यात लोळली. अर्डिसला आईने आत घेतलं होतं, भांडी घासायला. वेल्डाला त्याच अंगणात, त्या झोक्याखाली मरायला पुढच्या हिवाळ्यापर्यंत वेळ लागला. शेवटी ती खोकली की दात पडायचे.

पुढच्या जुलैत ती परत आली. खेळायला चल, म्हणून खिडकीशी. अर्डिस जिथे जाईल तिथे यायची. अर्डिस बाहेर गेली नाही तर रडायची, आणि पुढे लग्न झाल्यावर, बाहेर गेली की काही दिवसांत अर्डिसच्या पोटातलं मूल जायचं. अंगणात दुसरं मूल असलं तरच ती अर्डिसला हाक मारत नाही. म्हणून घर भाड्याने देत आले, असं अर्डिस म्हणाली. एक शिक्षक, एक जंगलखात्याचा रेंजर, मधे आणखी कुणी कुणी. पोरं आजारी पडली, आईबाप निघून गेले. ह्या गावात पोरं आजारी पडली तर कुणी 'का' असं विचारत नाही.

मी विचारलं, माझीच का.

'त्या बाँबवाल्या लोकांनी आम्हाला असंच निवडलं होतं, डॉक्टर. नकाशा बघितला आणि म्हणाले, तिथे कोण राहतं? कुणीच नाही.' मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, 'तुम्ही इथल्या नव्हता. तुमच्यासाठी कुणी विचारायला येणार नव्हतं.'

मी तिला मारलं. मुठीने, तोंडावर. ओठ फाटला, पांढऱ्या कॉलरवर रक्त उडालं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा खुर्चीसकट खाली पडली. तिसऱ्यांदा हात उचलला तर दारात डेलमर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात, आणि त्याला माहीत नव्हतं. त्याने मला अडवलं नाही, तिला उचललंही नाही. टोपी घातली आणि बाहेर गेला.

४ ऑगस्ट

सकाळी डेलमरने आमचं भाड्याचं घर पेटवलं. गॅरेजमधून पेट्रोल आणून खोलीखोलीत ओतलं आणि आत राहून काडी लावली. मी क्लिनिकमध्ये झोपले होते. धूर बघून धावले. तो आतून ओरडत होता, पण मदतीसाठी नाही. खंदकातल्या पोरांना हुकूम देत होता, उठा, घरी जा, संपलं, घरी जा.

स्वयंपाकघराच्या दारातून त्याला खांद्यांना धरून ओढला. खांदे हातात राहिले नाहीत. कातडी राहिली. पुन्हा धरलं, दंडाला. रस्त्यावर आणून टाकला. त्याची छाती फुटलेल्या पोळीसारखी— हाताचं हाड उघडं पडलेलं. त्याने ते डोळ्यांसमोर धरलं, बघितलं आणि गेला.

घर दुपारपर्यंत कोसळलं. अंगण तसंच. अर्ध्या जळलेल्या झाडाला झोका तसाच.

राखेत मिसळून बर्फ पडत होता. झोक्यावर ती होती. मला प्रथमच दिसली. लहान आहे हो. आन्याहूनही लहान वाटते. एक मोजा खाली घसरलेला.

देवांगचा फोन. आन्याला फिट आली.

६ ऑगस्ट

अर्डिस रस्ता ओलांडून अंगणात आली, मी तिथेच बसून होते. चेहरा सुजून निळा. नवऱ्याला कालच पुरलंय. मला म्हणाली की शाळेत नवीन शिक्षक येणार आहेत, त्यांना जुळे मुलगे आहेत. त्यांची राहायची सोय व्हायचीय. अंगणात ट्रेलर उभा करता येईल. पोरं आली की आन्या सुटेल. तुम्ही फक्त गप्प बसा.

मला एक क्षण— तो क्षण आला. मी त्या मुलांचं वय विचारलं. खरंच विचारलं.

मग तिला सांगितलं, परत माझ्यासमोर आलीस तर तुला त्या झोक्याला बांधीन.

वेल्डाला कुणीतरी खेळायला हवंय. मूलच हवं, असं कुणी ठरवलं? अर्डिस कधी खऱ्या मनाने गेलीच नाही. मी जाईन.

७ ऑगस्ट

गेले.

सूर्य पूर्वेला होता आणि पश्चिमेकडून उजेड आला. डोळे मिटले तरी आला. नंतर तापलेला वारा, नंतर बर्फ. वेल्डाने माझा हात धरला. आम्ही झोका खेळलो, भुकटीचे लाडू वळले. मी तिला आपडी थापडी शिकवली. ती हसली. दात—

मग खंदकातली पोरं आली, रांगेने, अंगण ओलांडून, आंधळी, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. केरसुण्या घेऊन. एकमेकांना झटकत होती, मांस निघेपर्यंत. मलाही झटकलं. पाठ सोलली गेली. हॅलोरन माफी मागत होता.

शेवटी वेल्डा माझ्या मांडीवर मेली. रक्त ओकत, मला घट्ट धरून. दर वेळी तसंच होतं, असं ती आधीच म्हणाली होती. घाबरू नको म्हणाली. मलाच.

संध्याकाळी देवांगचा फोन. उशीवर धूळ नव्हती.

१० ऑगस्ट

रोज. रोज ती मांडीवर मरते.

आन्याच्या पेशी वाढताहेत. डॉक्टरांना कळत नाही कशाने. देवांग रडत होता. आन्याने आज वरण-भात मागितला, तूप घालून.

माझ्या हिरड्यांतून रक्त. वेणी हातात आली. फेकून दिली.

१३ ऑगस्ट

गाडीतच राहते, अंगणाच्या कडेला. क्लिनिकची माणसं आली होती, लांब उभी राहून हाका मारून गेली. दवाखान्यात चला म्हणाली. कशी जाणार. मी गेले तर ती माझ्यामागे येणार नाही. आन्याकडे जाईल.

आन्या चालली आज. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत. फोनवर तिचा आवाज— 'व्हेन आर यू कमिंग, मम्मा?' घशात फोड आहेत, आवाज निघत नाही.

देवांगला मेसेज टाकला. येऊ नको. काहीही झालं तरी तिला इकडे आणू नको. तो मला वेडी समजतोय. समजू दे.

१६ ऑगस्ट

अर्डिस खिडकीत. दिवसभर. माझ्याकडे बघते. किती उरलीय ते मोजतेय. मी संपले की वेल्डा पुन्हा तिला—

पाय उचलत नाहीत. पायऱ्यांपर्यंत सरकत आले, इथेच बसते. घर नाही, पायऱ्या आहेत.

वेल्डाने माझ्या डोक्यावर हात फिरवला. थंड हात. आई होते तिची, क्षणभर.

१८ की १९

देवांगचा मेसेज. अर्डिसने फोन केला होता त्याला. तुमची बायको मरतेय, म्हणाली, मुलीला शेवटचं भेटवा. आन्याला डिस्चार्ज मिळाला. दोघं निघालेत. सकाळीच निघालेत—

फोन लावला, आवाज नाही. नुसता श्वास जातो. मेसेज लिहीपर्यंत बॅटरी संपली.

उजेड येऊन गेला. बर्फ सुरू झालाय. वेल्डा मांडीवर डोकं ठेवून आहे.

गाडी. मोठ्या रस्त्यावरून वळली. पांढरी. धूळ उडवत.

ओरडते. ओरडता येत नाही. उठता येत नाही. वहीत लिहून वर धरते. देवांग उतरू नको. तिला उतरवू नको. काच बंद कर

धरलं. बघतोय. गाडी थांबवली त्याने. वाचतोय— रडतोय— तो दार उघडत नाहीये, देवा, त्याने वाचलं—

मागचं दार. आन्या मागचं दार उघडतेय. हसतेय. केस यायला लागलेत तिला

वेल्डा उठून बसली

आन्याला मराठी वाचता येत नाही. इंग्रजीत लिहिते, मोठ्ठं लिहिते— स्टे इन द का